लाल सूत, निळं सूत

साखर पेठेत, चादरीच्या बंद कारखान्याला लागून
यादगिरी गड्डम यांची सोडा-फॅक्टरी.
फॅक्टरी म्हणजे दहा बाय बाराची खोली,
हातानं फिरवायचं यंत्र,
खोक्यांत उभ्या हिरवट बाटल्या,
एकेकीच्या गळ्यात अडकलेली गोटी.

एप्रिलात एक सफारीवाला आला.
टेबलावर जेरीकॅन ठेवला.
मक्याचा पाक. उकळायला नको, गाळायला नको,
सिलिंडर वाचतो, वर किलोमागे चार पैसे.
अमेरिकेत सगळे हेच पितात, म्हणाला.
यादगिरी म्हणाले, तिथं ऊस नसंल.

मग मला बोलावणं.
साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझी एकोणीस वर्षं,
रसाचा ब्रिक्स, मळीचा पोल,
आणि हंगामात अंगाला चिकटणारा तो वास
जो लग्नात नेसायच्या साडीलाही सोडत नाही.
गोडाचं मला कौतुक उरलेलं नाही.
त्यामुळेच म्हणे माझ्यावर विश्वास.

दोन्ही पाक समान केले मी,
काचेला डोळा लावून, थेंब थेंब पाणी घालत.
लिंबू तेवढंच. गॅस तेवढाच.
बाटल्यांच्या मानेला सूत बांधलं, लाल आणि निळं,
शेजारच्या कारखान्यात राहून गेलेल्या गुंडीतलं.
कुठलं कुणाचं, ते फक्त माझ्या वहीत.

बाहेर बेचाळीस अंश.
माणसं गोळा करावी लागली नाहीत.

लूमवरच्या नरसय्यानं लाल फोडली, म्हणाला, तीपि.
निळी फोडली, म्हणाला, तीपि.
कडक भाकरी विकणारी शिवलिंगव्वा म्हणाली,
सिही, दोन्ही सिही, पैसे कोण देणार ते आधी सांगा.
पोस्टमन दुधभात्यांना लाल जरा पातळ लागली,
न सांगता पुन्हा तीच दिली
तर जरा घट्ट लागली.
जब्बार बागवान, जे फळाला हात लावून आतलं सांगतात,
बराच वेळ गप्प. मग म्हणाले,
तोंडात नको, घशाखाली गेल्यावर बघा.
निळी चटकन निघून जाते.
लाल दारात उभ्या पाहुण्यासारखी,
चप्पल घातलेली आहे, पण बोलणं संपत नाही.

शेवटी यादगिरी.
चाळीस वर्षं पाक उकळलेला माणूस.
डोळे मिटून एक घोट, डोळे मिटून दुसरा.
बोट निळीवर ठेवलं. ही माझी.

मी वही उघडून दाखवली.
निळी मक्याची होती.

यंत्राच्या नळीतून बारीक सू सू येत राहिलं.
कुणी कुणाकडे बघितलं नाही.
मग यादगिरीच हसले, आधी पोटात, मग मोठ्यानं,
म्हणाले, बायकोला सांगू नका.

मी सांत्वन म्हणून रसायनशास्त्र सांगितलं:
आंबट पाण्यात साखर हळूहळू फुटते, काका.
महिना-दोन महिने बाटली पडून राहिली
तर आतला ऊस जवळजवळ मक्यासारखाच होतो.
ते विचारात पडले.
म्हणजे बसून बसून साखरपण जात सोडती?
वेळ मिळाला तर, मी म्हणाले.
त्यांनी रिकाम्या खोक्यांकडे हात केला.
वेळ कुठला ओ? आमचा सोडा
संध्याकाळच्या आत संपतो की.

दुसऱ्या दिवशी गल्लीत पुन्हा पाकाचा वास होता,
त्या वासानं शाळेतली पोरं वळत होती,
आणि मला वाटलं, चव कदाचित इथूनच सुरू होत असेल,
बाटली फोडायच्या बरीच आधी, नाकात, वळणावर.
पण याला मोजायची काच माझ्याकडे नाही.

जेरीकॅन अजून तिथंच आहे.
त्यावर बसून यादगिरी बाटल्या धुतात.

मुंग्यांचं विचाराल तर दोन्हीकडे होत्या.
पातेल्याकडे थोड्या जास्त.
पण पातेलं भिंतीजवळ होतं, आणि भिंतीत त्यांचं बीळ,
म्हणून ते मी वहीत लिहिलं नाही.